बंदी कुणी घातली? 'द वीव्हर्स' या चौकडीचं प्रकरण

१९५० च्या ऑगस्टात अमेरिकेत कुठेही रेडिओ लावला, की थोड्या वेळात तेच गाणं लागायचं: 'गुडनाइट, आयरीन'. संथ वॉल्ट्झची चाल, मागे गॉर्डन जेंकिन्सच्या वाद्यवृंदातली व्हायोलिनं, पुढे तीन पुरुष आणि एका बाईचा एकत्र लागलेला आवाज. खपाच्या यादीत ते सलग तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. वीस लाखांच्या घरात तबकड्या खपल्या. फ्रँक सिनात्राने घाईघाईने तेच गाणं स्वतःच्या आवाजात काढलं, तरी या चौघांना खाली खेचणं त्याला जमलं नाही.

१९५३ मध्ये ही चौकडी कुठेच गात नव्हती. रेकॉर्ड कंपनीने करार गुंडाळला होता, जुन्या तबकड्या विक्रीच्या यादीतून काढल्या होत्या. क्लबांची बोलावणी थांबली होती आणि टीव्ही तर दूरच. या सगळ्या काळात त्यांच्यावर कुठल्या कोर्टाने बंदी घातली नव्हती, एकही गाणं जप्त झालं नव्हतं. मला या प्रकरणात रस वाटतो तो म्हणूनच. बंदी कडेकोट होती, पण हुकमाचा कागद शोधायला जावं तर त्याच्यावर कुणाचीच सही नाही.

हॅम्बर्गर, टक्सिडो आणि गाळलेलं कडवं

पीट सीगर, ली हेज, रॉनी गिल्बर्ट आणि फ्रेड हेलरमन. वीव्हर्स म्हणजे विणकर. हे नाव त्यांनी गेरहार्ट हाउप्टमन या जर्मन नाटककाराच्या विणकरांच्या बंडावरच्या नाटकावरून घेतलं होतं, म्हणजे मंडळी कोणत्या मुशीतली ते नावातच आलं. सीगर आणि हेज १९४१ पासून 'अल्मनॅक सिंगर्स' या गटात कामगार संघटनांसाठी गात. सीगर कम्युनिस्ट पक्षात होता. चाळिशीच्या दशकाच्या शेवटाला तो बाहेर पडला आणि आणखी आधी पडायला हवं होतं, असं पुढे म्हातारपणी त्याने स्वतःच कबूल केलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढची गोष्ट 'निष्पाप गायक आणि दुष्ट सरकार' इतकी सोपी नाही.

१९४९ च्या नाताळात न्यूयॉर्कमधल्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या तळघरातल्या क्लबात त्यांना काम मिळालं. मालक मॅक्स गॉर्डन. ठरलं असं, की चौघांना मिळून आठवड्याला दोनशे डॉलर आणि हॅम्बर्गर फुकट. काही दिवसांनी सीगर स्वतःसाठी केवढाले हॅम्बर्गर रचतो हे गॉर्डनने पाहिलं आणि करार बदलला: अडीचशे डॉलर घ्या, हॅम्बर्गर बंद. थोड्या दिवसांचं काम सहा महिने चाललं. तिथेच डेक्का कंपनीचा संगीत दिग्दर्शक गॉर्डन जेंकिन्स येऊन बसायला लागला आणि पुन्हा पुन्हा येत राहिला. कंपनीचा त्यांच्यावर फारसा विश्वास नव्हता. तो जेंकिन्सने मिळवून दिला.

१९५० मध्ये तबकडी निघाली. एका बाजूला 'त्सेना, त्सेना' हे हिब्रू गाणं, दुसऱ्या बाजूला 'आयरीन'. 'आयरीन' होतं लेडबेलीचं. टेक्सास आणि लुइझियानाच्या तुरुंगांत वर्षं काढलेला हा काळा गायक बारा तारांची गिटार वाजवायचा. गाणं देशभर वाजायला लागलं तेव्हा त्याला जाऊन सहा-आठ महिने झाले होते. डिसेंबर १९४९ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये गेला, फार पैसे न बघताच.

त्याच्या गाण्याचं काय केलं, ते इथे जरा जवळून बघू. लेडबेली गायचा 'आय विल गेट यू इन माय ड्रीम्स', स्वप्नात तुला गाठीन. तबकडीवर त्याचं झालं 'सी यू', स्वप्नात तुला पाहीन. एका शब्दाचा फरक, पण गाठण्यात जो आडदांडपणा आहे तो पाहण्यात नाही. मॉर्फिन घेऊन मरेन असं म्हणणारं एक कडवं होतं, ते गेलं. चारही आवाज गोड झाले, व्हायोलिनं आली. रंगमंचावर पुरुषांना टक्सिडो, रॉनीला लांब झगा. कामगारांच्या सभेत बाह्या सरसावून गाणारा सीगर बो-टाय लावून उभा राहिला.

राजकारणाचं तर नावच नको. १९४९ मध्ये हेज आणि सीगरने 'इफ आय हॅड अ हॅमर' रचलं होतं. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट निकोलस अरीनात ते पहिल्यांदा लोकांसमोर गायलं गेलं. निमित्त होतं स्मिथ कायद्याखाली, म्हणजे सरकार उलथवण्याच्या प्रचाराला गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याखाली, खटला चालू असलेल्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांसाठी भरवलेला समारंभ. डेक्काच्या तबकड्यांत हे गाणं नाही. व्यवस्थापक पीट कॅमरनने चौघांना बजावून ठेवलं होतं की डाव्यांच्या कार्यक्रमांना जायचं नाही. जुने सोबती चिडले, 'सिंग आउट!' या डाव्या लोकसंगीत मासिकात त्यांच्यावर टीका झाली. म्हणजे ज्या गाण्यांमुळे वीव्हर्स घराघरात पोचले त्यांत आक्षेप घ्यावा असं काही उरलंच नव्हतं. सगळं धुऊन, इस्त्री करून दिलं होतं.

तरी भागलं नाही. कारण पुढे जे झालं ते गाण्यांवरून झालंच नाही.

एक डॉलरची पुस्तिका

२२ जून १९५० ला 'रेड चॅनल्स' नावाची पुस्तिका निघाली, किंमत एक डॉलर. तीनच दिवसांनी कोरियात युद्ध पेटलं. काढणारी 'अमेरिकन बिझनेस कन्सल्टंट्स' ही खासगी कंपनी एफबीआय या सरकारी तपास यंत्रणेतून बाहेर पडलेल्या तिघांनी १९४७ मध्ये थाटली होती. 'काउंटरअटॅक' हे साप्ताहिक पत्रकही तेच काढत.

पुस्तिकेत १५१ नावं होती: नट, लेखक, वृत्तनिवेदक आणि गाण्याबजावण्यातले बरेच लोक. लिओनार्ड बर्नस्टाइन, एरन कोपलंड, लीना हॉर्न, जॉश व्हाइट, बर्ल आइव्हज, हेझल स्कॉट. पीट सीगरही. नावाखाली व्यवसाय, मग 'रिपोर्टेड ॲज' हे दोन शब्द आणि त्याखाली यादी: अमक्या सभेत गायले, तमक्या पत्रकावर सही केली. हे दोन शब्द फार हुशारीने निवडलेले आहेत. अमका कम्युनिस्ट आहे, असं पुस्तिका कुठेच म्हणत नाही. तो अमुक ठिकाणी होता 'असं छापून आलेलं आहे', एवढंच. त्यातलं पुष्कळसं खरंही होतं. सीगर त्या सभांना गायलाच होता. आपल्याकडे गावात एखाद्याबद्दल 'मी काही म्हणत नाही, लोक म्हणतात' असं सांगतात ना, त्याचाच हा छापील अवतार.

त्या उन्हाळ्यात गाणं पहिल्या क्रमांकाकडे चढत असतानाच वीव्हर्सचा टीव्हीवरचा ठरलेला कार्यक्रम हातचा गेला.

टूथपेस्टचे दोन ढीग

डॉलरभर किमतीच्या पुस्तिकेला एवढं घाबरायचं कशासाठी, हे समजायला त्या वेळचा रेडिओ-टीव्ही कसा चालायचा ते पाहावं लागतं. कार्यक्रम वाहिनीवर लागत असला तरी तो असायचा प्रायोजकाचा. साबणवाला, कॉफीवाला, टूथपेस्टवाला यांपैकी कुणीतरी अख्खा कार्यक्रम विकत घ्यायचा. कोण गाणार याचा शेवटचा शब्द जाहिरात संस्थेमार्फत त्याचाच असायचा. गाणाऱ्याशी त्याचं भांडण नव्हतं. त्याला आपली टूथपेस्ट खपवायची होती.

नेमकी इथेच लॉरेन्स जॉन्सन याने बोट ठेवलं. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजमध्ये त्याची काही सुपरमार्केटं होती, आणि संशयित कलाकारांना काम देणाऱ्या कंपन्यांना तो पत्रं लिहायचा. एका टूथपेस्ट कंपनीपुढे त्याने प्रस्ताव ठेवला, की दुकानात तुमचा आणि तुमच्या प्रतिस्पर्ध्याचा माल शेजारी शेजारी रचतो, वर पाटी लावतो आणि गिऱ्हाइकालाच विचारतो. तुमच्या पैशातून कम्युनिस्टांच्या साथीदारांना कामं दिलेली चालतील का? होय की नाही?

जाहिरात खात्यात बसलेल्या माणसाच्या जागी जाऊन बघा. एका गायकापायी दुकानात आपल्या मालावर असली पाटी लागणार असेल, तर दुसरा गायक घेतलेला काय वाईट? गायकांची काय टंचाई आहे? तो कुणावर अन्याय करायला बसलेला नव्हता, जोखीम टाळत होता. वाहिनीवाले म्हणायचे प्रायोजकाला नको. प्रायोजक म्हणायचा आम्ही कसले राजकारणी, गिऱ्हाइकाचा कल बघतो. आणि गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा यातलं काही ठाऊकही नसायचं.

पुढे नाव आलेल्यांपुढे रस्ते थोडेच होते. पियानोवादक हेझल स्कॉट स्वतःहून कम्युनिस्टांचा माग काढणाऱ्या संसदेच्या चौकशी समितीपुढे गेली आणि या यादीबाजीवर बोलून आली. आठवडाभरात तिचा टीव्ही कार्यक्रम बंद झाला. जॉश व्हाइटनेही स्वतःहून जाऊन साक्ष दिली. झालं काय, तर डावे त्याच्यावर रुसले आणि उजव्यांचं समाधान झालं नाही. बर्ल आइव्हजने १९५२ मध्ये सेनेटच्या समितीपुढे ओळखीच्यांची नावं घेतली, त्यात सीगरचंही होतं. आइव्हजचं काम चालू राहिलं, सिनेमातही जम बसला. सीगरने 'सिंग आउट!'मध्ये त्याला सरळ खबऱ्या म्हटलं.

साक्षीदार मॅटुसो

१९५१ मध्येही वीव्हर्सची गाणी खपतच होती. 'ऑन टॉप ऑफ ओल्ड स्मोकी' त्याच वर्षीचं. पण फास आवळत होता. ऑगस्टात ओहायोच्या सरकारी जत्रेत त्यांचा कार्यक्रम होता. गव्हर्नर फ्रँक लाउशी यांनी एफबीआयकडून माहिती मागवली आणि कार्यक्रम रद्द केला. सरकारचा हात दिसतो तो असा, पडद्याच्या फटीतून.

फेब्रुवारी १९५२. दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडाच्या गाण्यावरून केलेलं 'विमोवे' यादीत चढत होतं. तेवढ्यात हार्वी मॅटुसो या माणसाने प्रतिनिधीगृहाच्या 'अमेरिकाविरोधी कारवायां'ची चौकशी करणाऱ्या समितीपुढे सांगितलं, की वीव्हर्सपैकी तिघे पक्षाचे सभासद आहेत. मॅटुसो स्वतः पक्षात राहून एफबीआयला खबरा पुरवायचा आणि नंतर पैसे घेऊन साक्षी देत फिरायचा. तीन वर्षांनी त्याने पुस्तक लिहून कबूल केलं, की आपण साक्षींमध्ये खोटं बोललो होतो. पुढे खोट्या साक्षीच्याच आरोपाखाली तो तुरुंगात गेला. त्याने माघार घेतली म्हणून वीव्हर्सना कुणी परत बोलावलं नाही. का बोलवावं? काढून टाकताना तरी कुठे कुणी कारण लिहून दिलं होतं?

कार्यक्रम गळत गेले आणि वर्षअखेर चौकडी थांबली. ली हेज गमतीने म्हणायचा, की आम्ही 'सॅबॅटिकल' रजा घेतली ('सॅबथ' म्हणजे सुट्टीचा वार), मग तिची 'मंडेटिकल' झाली, मग 'ट्यूजडेटिकल'. हेलरमन टोपणनावांनी गाणी लिहू लागला. रॉनी कॅलिफोर्नियाला गेली.

जिथे सही होती

आता या बंदीशेजारी दुसरी ठेवून बघा. गायक पॉल रोबसनचा पासपोर्ट १९५० मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने रद्द केला. इथे खातं होतं, हुकूम होता, म्हणून भांडायला जागा होती. १९५८ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राजकीय मतांवरून पासपोर्ट अडवण्याचा अधिकार खात्याला नाही असा निकाल दिला आणि रोबसन मोकळा झाला. त्याच वर्षी भारतात त्याची साठी साजरी झाली. त्यासाठीच्या समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. हा समारंभ होऊ नये म्हणून अमेरिकी राजनैतिक अधिकारी खटपट करत होते, तर नेहरूंनी शुभेच्छांचा संदेश दिला.

सीगरवरही एक सहीचा हुकूम निघाला. १८ ऑगस्ट १९५५ ला न्यूयॉर्कच्या फोली स्क्वेअरच्या कोर्टाच्या इमारतीत तो समितीपुढे उभा राहिला. बहुतेक साक्षीदार पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेत, स्वतःविरुद्ध साक्ष देणार नाही म्हणत आणि सुटत. दोनच दिवसांपूर्वी ली हेजने तेच केलं होतं. सीगरने ती पळवाट नाकारली. तो म्हणाला, माझे संबंध, माझी श्रद्धा, माझं मत कुणाला यावर मी उत्तर देणार नाही, आणि असले प्रश्न कुठल्याही अमेरिकन माणसाला विचारणंच गैर आहे. अमुक सभेत गायलात का, असं पुन्हा पुन्हा विचारल्यावर त्याने सांगितलं, की मी बेघरांच्या तळांवर गायलोय आणि रॉकफेलर मंडळींसाठीही गायलोय. कुठे गायलो ते राहू द्या, पण कोणती गाणी गायलो ते सांगतो. गाऊनही दाखवायला तो तयार होता. समितीला गाणं नको होतं.

१९५७ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अवमानाचे दहा आरोप लागले. पुढची वर्षं तो जामिनावर, न्यूयॉर्कचा तो न्यायालयीन जिल्हा सोडून जाताना दर वेळी कळवायचं. १९६१ मध्ये दोषी ठरला, एक वर्षाची शिक्षा झाली. मे १९६२ मध्ये अपिलात आरोपपत्रातल्या तांत्रिक दोषावरून शिक्षा रद्द झाली. सात वर्षं गेली, पण हा लढा होता आणि त्याला शेवट होता.

शाळेच्या हॉलमध्ये

मधल्या काळात तो जगला कसा? ज्यांना प्रायोजक लागत नाही अशा जागी जाऊन. शाळा, मुलांची उन्हाळी शिबिरं, मग कॉलेजं. छोट्या फोकवेज कंपनीचा मोझेस ॲश त्याच्या तबकड्या काढत राहिला. गावात शिरायचं, स्थानिक रेडिओवर दोन गाणी म्हणायची, संध्याकाळी कार्यक्रम करायचा आणि निदर्शनं जमायच्या आत गाव सोडायचं. या उद्योगाला तो सांस्कृतिक गनिमी कावा म्हणायचा.

टीव्हीवरून घालवलेला माणूस अशा रीतीने थेट मुलांच्या हाती लागला. १९५४ मध्ये तेरा वर्षांची एक मुलगी मावशीबरोबर त्याच्या कार्यक्रमाला गेली होती. ती पुढे गाजलेली लोकगायिका जोन बाएझ. हेच 'वी शॅल ओव्हरकम'चं. १९४७ च्या सुमारास टेनेसीतल्या हायलँडर शाळेच्या झिल्फिया हॉर्टनकडून त्याने ते उचललं आणि गावोगाव म्हणत राहिला. नागरी हक्क चळवळीचं ते गाणं झालं, त्याचं 'हम होंगे कामयाब' झालं आणि आपल्याकडच्या शाळांत पंधरा ऑगस्टला मुलं रांगेत उभी राहून ते म्हणतात.

चौकडीला परत आणलं व्यवस्थापक हॅरल्ड लेव्हेंथॉलने. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी सैन्याबरोबर भारतात होता आणि वेळ काढून गांधी-नेहरूंना भेटून आला होता. असल्या माणसाला प्रायोजकाच्या पाटीची काय भीती! क्लब आणि टीव्ही मिळत नाही ना, मग थेट कार्नेगी हॉल, न्यूयॉर्कचं नामांकित सभागृह, हा त्याचा हिशेब. चौघं का-कू करत होते, तेव्हा त्याने प्रत्येकाला वेगळं गाठून 'बाकीचे तिघं तयार आहेत' असं सांगितलं, असा किस्सा आहे. १९५५ च्या नाताळच्या आदल्या रात्री हॉल भरला. त्याची तबकडी व्हॅनगार्ड कंपनीने १९५७ मध्ये काढली. ती ऐकून वाढलेल्यांत किंग्स्टन ट्रिओ होते: तीन हसरी पोरं, पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट, राजकारणाचा वाराही नाही. १९५८ मध्ये त्यांचं 'टॉम डूली' पहिल्या क्रमांकावर गेलं आणि लोकसंगीताची लाट आली.

गाणं चालेल, गाणारा नको

सगळ्यात अजब वर्ष १९६२. जानेवारीत एनबीसीच्या जॅक पार यांच्या कार्यक्रमासाठी वीव्हर्सना बोलावणं आलं आणि ऐन वेळी निष्ठेच्या, म्हणजे आपण कम्युनिस्ट नसल्याच्या, शपथपत्रावर सही मागितली गेली. त्यांनी नकार दिला, कार्यक्रम रद्द. सीगर तोवर गटातून बाहेर पडून चार वर्षं झाली होती, सिगारेटच्या जाहिरातीसाठी गाण्यावरून झालेल्या वादात. त्याच वर्षी पीटर, पॉल अँड मेरी या त्रिकुटाने 'इफ आय हॅड अ हॅमर' गायलं आणि ते पहिल्या दहात गेलं. १९४९ मध्ये कम्युनिस्टांच्या समारंभात गायलेलं गाणं आता दिवाणखान्यात वाजत होतं.

मे महिन्यात सीगर कोर्टातून सुटला. एप्रिल १९६३ मध्ये एबीसी वाहिनीने लोकसंगीताचा कार्यक्रम सुरू केला, नाव 'हूटनॅनी'. हा शब्द लोकगायक वूडी गथ्री आणि सीगर यांनीच आपल्या मैफलींसाठी वापरून रुळवला होता. त्यात सीगरला जागा नव्हती. बाएझने त्या कार्यक्रमाकडे पाठ फिरवली. वाहिनीने पुढे सीगरला निष्ठेचं प्रतिज्ञापत्र मागितलं, ते त्याने दिलं नाही. कोर्टाचा कागद खिशात होता, पण या बंदीपुढे तो कुठे दाखवणार?

ती उठलीही तशीच, मुकाट्याने. सप्टेंबर १९६७ मध्ये सीबीएसवर स्मदर्स बंधूंच्या कार्यक्रमात सीगर दिसला. व्हिएतनामकडे बोट दाखवणारं एक गाणं वाहिनीने कापलं, फेब्रुवारीत तेच दाखवलं. 'रेड चॅनल्स' निघाल्यावर सतरा वर्षांनी.

१९९३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका मदत-मैफलीत बर्ल आइव्हज चाकाच्या खुर्चीवर बसून आला. शेजारी सीगर, बांजो घेऊन. आइव्हज त्र्याऐंशी वर्षांचा, सीगर चौऱ्याहत्तरचा. दोघांनी मिळून 'ब्लू टेल फ्लाय' हे जुनं गाणं म्हटलं.